कुलूप बदललं, पण किल्ली कोणाकडे?

गेल्या पावसाळ्यात वर्ध्याच्या एका महाविद्यालयात मुलींसाठी सायबर सुरक्षेवर कार्यक्रम होता. आमच्या केंद्रालाही बोलावणं होतं, म्हणून मी गेले. वक्ते अभ्यासू होते, तळमळीने बोलत होते. पडद्यावर पहिलंच चित्र आलं ते डोक्यावरून टोपी ओढून अंधारात कॉम्प्युटरपुढे बसलेल्या एका पुरुषाचं. हा हॅकर. हा रस्त्यावर, शेजारच्या गच्चीवर, कुठेही असू शकतो. त्याच्यापासून घरचं वाय-फाय वाचवायचं. मग एकेक सूचना आली. राउटरचा, म्हणजे इंटरनेट घरभर पोहोचवणाऱ्या त्या लुकलुकत्या डब्याचा, कंपनीने दिलेला पासवर्ड बदला. जुनी सुरक्षा पद्धत असेल तर काढून नवी लावा. पासवर्ड लांबलचक ठेवा. मी सगळं वहीत उतरवून घेतलं. एकही सूचना चुकीची नव्हती.

शेवटी प्रश्न विचारा म्हणाले. मी विचारलं, "सर, हा नवा पासवर्ड घरात ठेवायचा कोणाकडे?"

सर क्षणभर थांबले. मग म्हणाले, "अर्थातच घरातल्या जबाबदार व्यक्तीकडे. वडील, भाऊ, मिस्टर."

सभागृहात दीड-दोनशे मुली होत्या. एकही हसली नाही. मला तेच जास्त लागलं.

माझं भांडण त्या सरांशी नाही. ते बोलले ते सगळेच बोलतात. घरच्या वाय-फायच्या सुरक्षेबद्दल वर्तमानपत्रांत, पोलिसांच्या पत्रकांत, कंपन्यांच्या माहितीपुस्तिकांत जे काही येतं ते एकाच गृहीतावर उभं असतं: धोका उंबऱ्याबाहेर आहे, आणि उंबऱ्याच्या आत सगळ्यांचं हित एक आहे. मैत्रिणींनो, हे गृहीत आपल्या ओळखीचं आहे. मारहाणीच्या केसमध्ये पोलीस ठाण्यात ते आपल्याला भेटलं, हुंड्याच्या केसमध्ये कोर्टात भेटलं, जातपंचायतीत भेटलं. 'घरातली भानगड घरात' या वाक्याशी भांडत आपल्या आधीच्या पिढीने आयुष्य घालवलं. मग तेच वाक्य भिंतीवर डबा होऊन बसलं तेव्हा आपल्याला ते ऐकू का आलं नाही?

मला तरी ऐकू आलं नाही. त्याची किंमत दुसऱ्या एका बाईने दिली. ते आधी सांगते. तिला वाचून दाखवून, तिच्या परवानगीने लिहिते आहे, आणि ओळख पटू नये म्हणून काही तपशील बदलले आहेत.

ती जिल्ह्यातल्या एका शाळेत शिकवते. नवरा नागपूरला नोकरीला, शनिवारी घरी येणारा. घरात सासू आणि दोन मुलं. दोन वर्षांपूर्वी ती पहिल्यांदा केंद्रात आली तेव्हा खुर्चीत बसायच्या आधी म्हणाली, "ताई, माह्या मोबाईलमंदी कोणीतरी बसलं हाये." नवरा नागपूरहून फोन करून विचारायचा, रात्री दीड वाजता कोणासाठी जागी होतीस? वकिलाची वेबसाइट कशाला उघडली होतीस? भांडण झालं की तिचा मोबाईल आणि शाळेच्या कामाचा लॅपटॉप, दोन्हींवरचं इंटरनेट बंद पडायचं. त्याच वेळी त्याच घरात सासूची मालिका टीव्हीवर त्याच इंटरनेटवर चालू असायची. "मले वाटे, मी येडी झाली का काय," ती म्हणाली.

आम्ही काय केलं? जे येत होतं ते केलं. मोबाईलचा लॉक बदलायला लावला, मेलचा पासवर्ड बदलायला लावला. आठ दिवसांनी नवऱ्याने पुन्हा तोच प्रश्न विचारला. तेव्हा मी तिला मोबाईल दुकानात नेऊन पूर्ण कोरा करून घ्यायचा सल्ला दिला. तिने केला. त्यात तिच्या दंडावरच्या वळांचे फोटो गेले. मागच्या दिवाळीत काढलेले, कुठेही दुसरी प्रत नसलेले. हा दोष सर्वस्वी माझा आहे. पुरावा आधी जपायचा, मग दुरुस्ती, हा समुपदेशनाचा पहिला धडा मी शिबिरांतून शिकवते, आणि यंत्र समोर आलं की मीच तो विसरले.

आणि उपयोग काहीच झाला नाही. कारण मोबाईलमध्ये कोणी बसलेलंच नव्हतं.

आमच्या केंद्राचा कॉम्प्युटर दुरुस्त करायला एक मुलगा येतो. त्याला मी सहज विचारलं तर तो म्हणाला, "ताई, राउटर कोणाच्या नावावर हाये?" नवऱ्याच्या. नोंदवलेला मोबाईल नंबर कोणाचा? नवऱ्याचा. बस. कंपनीच्या अॅपवर त्याला नागपुरात बसून दिसत होतं की घरात कोणकोणती यंत्रं जोडलेली आहेत, कोणतं कधी चालू झालं. बोट लावलं की त्यातलं कोणतंही बंद. शिवाय राउटरवरची 'पालक नियंत्रण' नावाची सोय त्याने तिच्या दोन्ही यंत्रांना लावून ठेवली होती. लहान मुलांनी नको ते पाहू नये म्हणून केलेली सोय, चौतीस वर्षांच्या, वर्गात चाळीस मुलं सांभाळणाऱ्या शिक्षिकेला. कोणती वेबसाइट, कोणत्या यंत्रावरून, किती वाजता, सगळी यादी तयार.

तिच्याबरोबर मी पोलीस ठाण्यात गेले. उत्तर मिळालं, "कनेक्शन त्यांचं, बिल ते भरतात. बाहेरच्या कोणी केलं असतं तर तक्रार घेतली असती."

इथे थोडं थांबून नेमकं सांगायला हवं, कारण अर्धवट माहितीने बायका नुसत्या घाबरतात, आणि घाबरलेली बाई इंटरनेटच सोडून देते. राउटरच्या मालकाला सगळं दिसत नाही. व्हॉट्सअॅपवरचे शब्द, बँकेतला पासवर्ड, मेलमधला मजकूर वाटेत कुलूपबंद असतो; तो राउटरला वाचता येत नाही. पण कोणत्या वेबसाइटला गेलात तिचं नाव, वेळ, कोणतं यंत्र आणि किती वेळ, हे बहुतेक वेळा कळतं. पोस्टमन पत्र फोडत नाही, पाकिटावरचा पत्ता वाचतो. आता मला सांगा, आपल्याकडे येणाऱ्या बाईचा पत्ताच पुरेसा नाही का? कौटुंबिक न्यायालयाची वेबसाइट. वकिलाची. गर्भपाताची माहिती देणारी. दुसऱ्या गावातल्या नोकरीची जाहिरात. आतला मजकूर वाचायची गरजच काय?

या देशात सरकारला घरच्या वाय-फायची आठवण कशी झाली, हेही पाहण्यासारखं आहे. २६ जुलै २००८ ला अहमदाबादेत बॉम्बस्फोट झाले. त्याआधी काही मिनिटं जो धमकीचा ईमेल गेला तो नवी मुंबईत सानपाड्याला राहणाऱ्या एका अमेरिकन नागरिकाच्या घरच्या वाय-फायवरून. त्याचा स्फोटांशी संबंध नव्हता. त्याचं जाळं उघडं होतं, एवढंच. ऑगस्टमध्ये दुसरा ईमेल माटुंग्याच्या खालसा कॉलेजच्या जाळ्यावरून गेला. १३ सप्टेंबरला दिल्लीत स्फोट झाले, तेव्हाचा ईमेल चेंबूरच्या एका कंपनीच्या वाय-फायवरून. मग सगळे जागे झाले. जानेवारी २००९ मध्ये मुंबई पोलिसांनी रस्तोरस्ती फिरून उघडी जाळी शोधायची मोहीम काढली. त्याच वर्षी दूरसंचार खात्यानेही सूचना काढल्या. हे आवश्यक होतं, याबद्दल वाद नाही. पण त्या दिवसापासून एक गोष्ट पक्की झाली: कनेक्शन ज्याच्या नावावर तो जबाबदार, तोच पहारेकरी. आणि आपल्या घरांतून कनेक्शन कोणाच्या नावावर असतं? घरात कर्ता पुरुष कोण हा जुना प्रश्न सरकारी कागदाने पुन्हा एकदा सोडवून दिला, आणि यावेळी त्याच्या हातात काठीऐवजी यादी दिली.

कुलपांचा इतिहासही थोडक्यात सांगते. त्यात आपल्या कामाची एक गोष्ट दडलेली आहे. १९९७ मध्ये बिनतारी जाळ्याचं पहिलं प्रमाण ठरलं, त्यासोबत आलेल्या कुलपाचं नाव डब्ल्यूईपी. ते कच्चं आहे हे २००१ मध्येच शास्त्रज्ञांनी दाखवलं आणि २००७ मध्ये जर्मनीतल्या संशोधकांनी ते मिनिटाभरात उघडून दाखवलं. मधल्या काळात २००३ मध्ये डब्ल्यूपीए आणि २००४ मध्ये डब्ल्यूपीए-२ आलं. ते बरीच वर्षं टिकलं. २०१७ मध्ये बेल्जियममधल्या एका संशोधकाने त्यातलीही फट दाखवली, ती दुरुस्तीने बुजवता आली, आणि २०१८ मध्ये डब्ल्यूपीए-३ आलं.

ती गोष्ट अशी. डब्ल्यूपीए-२ मध्ये घरातल्या सगळ्यांचा पासवर्ड एकच असतो, आणि ज्याला तो पासवर्ड माहीत आहे त्याने थोडी खटपट केली तर तो त्याच जाळ्यावरच्या दुसऱ्याची हवेतून जाणारी माहिती पकडून उलगडू शकतो. डब्ल्यूपीए-३ मध्ये हे जमत नाही. पासवर्ड एक असला तरी प्रत्येक यंत्राची बोलण्याची किल्ली वेगळी तयार होते आणि दुसऱ्याला ती काढता येत नाही. म्हणजे एका छपराखाली, एका पासवर्डवर राहणाऱ्या माणसांचाही एकमेकांपासून बचाव व्हायला हवा, हे यंत्र बनवणाऱ्यांनी मान्य केलं. त्यांच्या डोळ्यांपुढे बहुधा हॉटेल आणि कार्यालयं असतील. नवरा-बायको नसतील. तरी मान्य केलं. आपल्या समाजाला एवढंही मान्य नाही. बायकोचं वेगळं असं काही असतं म्हटलं की अजून पहिला प्रश्न येतो, "लपवायला आहे काय तुझ्याकडे?"

पण याच जागी सावध राहायला हवं. सगळ्यात भारी कुलूप लावलं तरी जो त्या डब्याचा मालक आहे त्याच्यापुढे ते कुचकामी आहे. सगळं त्याच्या डब्यातूनच जातं. त्या शिक्षिकेच्या घरी नवऱ्याने सुरक्षा पद्धत नवी करून घेतली होती, पासवर्ड मोठा ठेवला होता. त्या दिवशीच्या सरांनी त्याला दहापैकी दहा गुण दिले असते. ते घर पूर्ण सुरक्षित होतं. सुरक्षित नव्हती ती बाई.

आता कायदा. पोलीस ठाण्यात जे सांगितलं गेलं ते कायद्यात नाही. २०१३ च्या दुरुस्तीने भारतीय दंड संहितेत कलम ३५४-ड आलं. १ जुलै २०२४ पासून ते भारतीय न्याय संहितेचं कलम ७८ आहे. पाठलाग या गुन्ह्याची त्यातली व्याख्या नीट वाचा. मागे मागे फिरणं एवढाच पाठलाग नाही. बाई इंटरनेट, ईमेल किंवा इतर कोणतंही इलेक्ट्रॉनिक साधन कशी वापरते यावर एखाद्या पुरुषाने पाळत ठेवणं हासुद्धा पाठलाग. पहिल्या गुन्ह्याला तीन वर्षांपर्यंत शिक्षा, पुन्हा केला तर पाच वर्षांपर्यंत. आणि या कलमात नवऱ्याला वगळलेलं नाही. बलात्काराच्या कलमात नवऱ्याला अजूनही सूट आहे, तिच्याविरुद्ध आपण लढतो आहोत. इथे मात्र ती सूट नाही. आपल्यातल्या किती जणींनी हे कलम नवऱ्याच्या पाळतीसाठी वापरून पाहिलं? मी नव्हतं पाहिलं. पोरीच्या मागे लागणाऱ्या टपोरी पोरासाठीच ते आहे असं धरून चालले होते.

पळवाट आहेच. परिस्थिती पाहता ते वागणं रास्त आणि समर्थनीय होतं असं दाखवता आलं तर पाठलाग होत नाही, असं त्याच कलमात म्हटलं आहे. 'बायकोवर संशय होता' हे कोणत्या ठाण्यात रास्त वाटत नाही? लढाई या दोन शब्दांवर होणार आहे, आणि आपण त्यासाठी तयार नाही. सर्वोच्च न्यायालयाने २०१७ मध्ये खासगीपणा हा मूलभूत हक्क ठरवला तेव्हा निकालात हेही म्हटलं होतं की पितृसत्ता झाकायला खासगीपणाचा आडोसा करता येणार नाही. बाईचा खासगीपणा घराच्या आतही आहे, हा त्याचा अर्थ. पण जुलै २०२५ मध्ये त्याच न्यायालयाने नवऱ्याने चोरून केलेलं बायकोच्या फोनचं रेकॉर्डिंग घटस्फोटाच्या खटल्यात पुरावा म्हणून चालेल असं ठरवलं. या निकालावर आमच्या बैठकीत बराच वाद झाला. मार खाणाऱ्या बाईलाही अशा रेकॉर्डिंगचा आधार मिळेल, हे खरं आहे. पण घरात रेकॉर्डिंग करायची साधनं, डब्बे, कॅमेरे कोणाच्या ताब्यात असतात, हा प्रश्न बाजूला ठेवून या निकालाचं स्वागत करणं मला जमत नाही.

घरगुती हिंसाचाराचा २००५ चा कायदा आपल्या सगळ्यांच्या हातातला. त्यात आर्थिक छळाच्या व्याख्येत, नात्यामुळे ज्या सोयी वापरायचा बाईला हक्क आहे त्या तोडणं किंवा अडवणं हेही येतं. घरातलं इंटरनेट ही आज अशी सोय नाही का? शिक्षिकेचा वर्ग, हजेरी, पगाराची स्लिप सगळं त्यावर आहे. आमच्या वकीलबाईंनी अर्जात हा मुद्दा घातला आहे. टिकेल की नाही ते पाहू.

आता माझ्या घराचं सांगते, नाहीतर दुसऱ्याच्या नवऱ्यावर लिहिणं सोपं असतं. माझा नवरा समजूतदार आहे. भाकरी माझ्यापेक्षा चांगली थापतो. तरी आमचं कनेक्शन त्याच्या नावावर. का? तार टाकायला माणूस आला तेव्हा त्याने "साहेब आहेत का?" विचारलं, आणि साहेब होते. मी एमएसडब्ल्यू केलेली, सत्ता-संबंधांवर शिबिरं घेणारी बाई, पाच वर्षं मी त्याला विचारायची, "अरे, वाय-फायचा पासवर्ड काय आहे?" राउटरचा दुसरा, आतला पासवर्ड असतो, ज्याने सगळी व्यवस्था बदलता येते, हे मला माहीतच नव्हतं. त्यालाही नव्हतं. तो होता केबलवाल्या पोराकडे. म्हणजे आमच्या पुरोगामी घराची किल्ली रामनगरात फिरणाऱ्या एका मोटरसायकलच्या डिकीत होती.

एका रविवारी मी ते काम हातात घेतलं. राउटरला तारेने कॉम्प्युटर जोडला, मागच्या स्टिकरवर छापलेला पत्ता टाकला, आतलं पान उघडलं. आधी आतला पासवर्ड बदलला, मग वाय-फायचा. डब्ल्यूपीएस नावाचं बटण असतं, त्याने पासवर्ड न टाकता जोडता येतं. ते बंद केलं. त्याचा आठ आकडी पिन जेमतेम अकरा हजार प्रयत्नांत सापडतो हे २०११ मध्येच उघड झालंय. मग सुरक्षा डब्ल्यूपीए-३ केली आणि आमचा जुना घरचा कॉम्प्युटर रुसून बसला. विंडोज १० ला ही पद्धत २०१९ पासून येते, पण आमच्या कॉम्प्युटरला टोचलेली वाय-फायची कांडी त्याहून जुनी. नवी कांडी आणेपर्यंत डब्ल्यूपीए-२ आणि ३ दोन्ही चालतील अशी मधली व्यवस्था ठेवली. (तुमच्याकडे फक्त डब्ल्यूपीए-२ असेल तर त्यात 'एईएस' निवडा, 'टीकेआयपी' नको. डब्ल्यूईपी दिसलं तर राउटर भंगारात द्या.) दोन तास गेले. शिलाई मशीनची बॉबिन बसवायला शिकताना मला याहून जास्त वेळ लागला होता. आपण कुकरची शिट्टी, गॅसची नळी, हातपंपाचा वायसर दुरुस्त करणाऱ्या बायका. या डब्याला तेवढं कशाने भ्यालो?

चळवळीतल्या काही जणींना हे सगळं शहरी, शिकल्या-सवरल्या बायकांचं दुखणं वाटतं. "आमच्या बाईजवळ फोनच नाही, तू राउटर काय सांगते?" असं एका ज्येष्ठ कार्यकर्तीने मला तोंडावर सुनावलं. त्यांच्याबद्दल मला आदर आहे; गावात दारूच्या भट्ट्या फोडताना मी त्यांच्या मागे उभी होते. आकडेही त्यांच्या बाजूने दिसतात. पाचव्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात, म्हणजे २०१९-२१ मध्ये, कधीही इंटरनेट वापरलेल्या बायका देशात ३३.३ टक्के होत्या, पुरुष ५७.१ टक्के. स्वतः वापरता येईल असा मोबाईल साधारण ५४ टक्के बायकांकडे. पण ताई, मी याच आकड्यांवरून उलटं म्हणते. उरलेल्या बायकांपर्यंत इंटरनेट येणारच आहे, गावागावात तार येतेच आहे. ते कोणाच्या हातून येणार? पहिल्या दिवशी फॉर्मवर ज्याचं नाव पडतं त्याचं ते पुढे दहा वर्षं राहतं. शेतकरी संघटनेने लक्ष्मीमुक्तीत सातबाऱ्यावर बायकोचं नाव चढवायला सांगितलं तेव्हाही म्हणणारे म्हणालेच होते, की आधी शेतमालाला भाव मिळू द्या, नावाचं मग पाहू.

सेवाग्राम आश्रमात व्हाइसरॉय लिनलिथगोने गांधीजींशी थेट बोलता यावं म्हणून बसवून घेतलेला टेलिफोन जपून ठेवला आहे. शाळेच्या सहलीत आम्ही तो पाहायचो आणि व्हाइसरॉयला केवढी आस्था म्हणून कौतुक करायचो. तार ओढून देणाऱ्याचं काम त्या तारेतून होत असतं, हे कळायला पुढे वय यावं लागलं.

मुलींच्या बाबतीत तर हे सगळं 'काळजी' या नावाखाली चालतं. वसतिगृहात रात्री दहाला मुलींचं वाय-फाय बंद, मुलांचं चालू, हे कोणत्या गावात नाही? केरळमधल्या फहीमा शिरीन या विद्यार्थिनीने वसतिगृहातल्या मोबाईलबंदीला विरोध केला म्हणून तिला काढून टाकलं. ती उच्च न्यायालयात गेली आणि सप्टेंबर २०१९ मध्ये न्यायालयाने म्हटलं की इंटरनेट मिळणं हा शिक्षणाच्या आणि खासगीपणाच्या हक्काचा भाग आहे. तो निकाल आपल्या जिल्ह्यातल्या किती वसतिगृहांच्या रेक्टरबाईंनी वाचला असेल? आपण तरी त्यांना नेऊन दिला का?

आणि आता आपल्या स्वतःच्या दारात. हे लिहिताना मला लाज वाटते, पण लिहिते. आमच्या केंद्रात वाय-फायचा पासवर्ड भिंतीवर चिकटवलेला होता: केंद्राचं नाव आणि पुढे एक-दोन-तीन. समझोत्याच्या बैठकीला येणारे नवरे बाहेरच्या बाकावर तास-तासभर बसतात. कंटाळले की भिंतीवरचा पासवर्ड टाकून आमच्याच जाळ्यावर मोबाईल चाळत बसतात. त्याच जाळ्यावर आतल्या खोलीतला कॉम्प्युटर, आणि त्यातला 'केसेस' नावाचा फोल्डर सगळ्या यंत्रांना वाचता येईल असा खुला. बाकावर नवरा आणि भिंतीपलीकडे त्याच्या बायकोचा जबाब, मध्ये काहीही नाही. कोणी उघडला का? माहीत नाही. तपासायची सोयच नव्हती. लोखंडी कपाटाला आम्ही दोन कुलपं लावतो.

आता बदल केला आहे. येणाऱ्या-जाणाऱ्यांसाठी राउटरवर वेगळं पाहुण्यांचं जाळं केलं, ते केंद्राच्या यंत्रांपर्यंत पोहोचत नाही. केसेसचा कॉम्प्युटर तारेवर घेतला, फोल्डर बंद केला. कनेक्शन संस्थेच्या नावावर होतं पण नोंदलेला नंबर एका माजी विश्वस्तांच्या मुलाचा निघाला. तो बदलायला तीन महिने आणि चार अर्ज लागले. आतला पासवर्ड तीन कार्यकर्त्यांकडे आहे, पाकिटात बंद करून. तुमच्या केंद्रात जाऊन आजच हे पाहा.

घरातल्या बाईसाठी मात्र "आजच बदला" असं मी म्हणणार नाही. यावर आमचं आपसात भांडण झालं. एका तरुण कार्यकर्तीचं म्हणणं, बाईला बटण शिकवा, नवऱ्याला बाहेर काढा. पण राउटरचा पासवर्ड बदलला की नवऱ्याला त्याच मिनिटाला कळतं, आणि जी बाई अजून त्या घरात आहे तिला त्या संध्याकाळी घरी जायचं असतं. म्हणून आम्ही क्रम ठरवला. वकिलाचा, केंद्राचा, नोकरीचा शोध घरच्या वाय-फायवर करायचा नाही. शाळेतल्या मैत्रिणीच्या फोनवर किंवा आमच्याकडे येऊन करायचा. स्वतःच्या नावावर सिम घ्यायचं, घरात वाय-फाय बंद ठेवून त्यावर बोलायचं, पण एकदम वाय-फाय सोडायचं नाही, त्यानेही संशय येतो. राउटरच्या पानाचे, त्या यादीचे फोटो दुसऱ्या फोनने काढायचे आणि दोन ठिकाणी ठेवायचे. कोरं काहीही करायचं नाही. बदल सगळ्यात शेवटी, जायची जागा ठरल्यावर.

शिक्षिकेने तसंच केलं. यादीचे बावीस फोटो संरक्षण अधिकाऱ्यांमार्फत अर्जाला जोडले आहेत. दोन तारखा पुढे ढकलल्या गेल्या. मुलांना घेऊन ती आता शाळेजवळ भाड्याच्या दोन खोल्यांत राहते. मागच्या आठवड्यात तिथे इंटरनेटची तार टाकायला माणूस आला. फॉर्मवर तिचं नाव लिहिलं, पुढच्या रकान्यात पतीचं किंवा वडिलांचं नाव होतं, तिथे तिने वडिलांचं लिहिलं. मग तो म्हणाला, "मॅडम, अॅपसाठी साहेबांचा नंबर सांगा."

"माहाच लिहा," ती म्हणाली, आणि त्याने तो लिहिला की नाही ते वाकून पाहिलं.